अवजलाचा हिशेब

चिपळूणच्या बाजूला ‘अवजल’ हा शब्द शेतकऱ्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. कोयनेच्या वीजघरांत वीज तयार करून झाली की जे पाणी बाहेर पडतं आणि वाशिष्ठीतून समुद्राची वाट धरतं, ते अवजल. हे पाणी मुंबईला न्यायचं की कोकणातच फिरवायचं यावर भाषणं होतात, निवेदनं दिली जातात. माझं लक्ष मात्र त्यातल्या ‘अव’कडे जातं. अवगुण, अवकळा, अवकृपा, अवदसा. या उपसर्गाची संगत काही बरी नाही. हा शब्द ज्याने कोणी पहिल्यांदा कागदावर लिहिला, त्याच्याही मनात कुठेतरी असणार की या पाण्यातला कस निघून गेलाय.

धरणांच्या सुरुवातीच्या काळातला एक विनोद देशभर वेगवेगळ्या धरणांच्या नावावर सांगितला जातो. कालव्याला पाणी सुटतं. सगळं गाव आनंदात. एक म्हातारा शेतकरी तेवढा बांधावर बसून राहतो. विचारलं तर म्हणतो, “यातली वीज सरकारनं आधीच काढून घेतली. आता ह्या चोथ्यावर माझा ऊस काय वाढायचा?” ऐकणारे हसतात. मीही लहानपणी हसलो होतो. पुढे कधीतरी लक्षात आलं की म्हाताऱ्याच्या बोलण्यात एक पक्का हिशेब आहे. वीज पाण्यामुळे मिळाली असेल तर पाण्याच्या खात्यातून काहीतरी वजा झालंच पाहिजे. ऊर्जेच्या व्यवहारात उधारी नाही, सूट नाही, हातचलाखी तर नाहीच. मग वजा काय झालं? आणि किती?

उत्तर आकड्यात देता येतं. पण आधी माप ठरवू.

ऊर्जेचं माप म्हणजे ज्यूल. शंभर ग्रॅमचा बटाटावडा बशीतून उचलून एक मीटर वर धरला की एक ज्यूल खर्ची पडतो. तोच वडा खाल्ला तर शरीराच्या हाती अंदाजे आठ लाख ज्यूल लागतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून जरा बघा. वड्यातली सगळी रासायनिक ऊर्जा त्याला स्वतःला उचलण्यासाठी वापरता आली असती, तर तो सरळ वर आठशे किलोमीटर गेला असता. अवकाश स्थानक फिरतं ते चारशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दादरच्या गाडीवरचा वडा अवकाश स्थानकाच्या दुप्पट उंचीवर जाण्याइतकी शिदोरी पोटात घेऊन कढईतून बाहेर पडतो.

विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. बिलावर आठ-दहा रुपयांना मिळणारी ही वस्तू हमालाच्या पाठीनं मोजून पाहावी. पन्नास किलोचं पोतं एक मजला, म्हणजे तीन मीटर, वर चढवायला जवळपास १४७० ज्यूल लागतात. एका युनिटाचं काम करायचं तर अशी २,४५० पोती चढवायला हवीत. हमालाच्या स्वतःच्या वजनाचे कष्ट यात धरलेलेच नाहीत. मार्केट यार्डात हा दर कुणापुढे बोलून दाखवायची माझी छाती नाही.

आता कोयना.

ही नदी महाबळेश्वरात उगम पावते, सह्याद्रीच्या पाठीवरून दक्षिणेकडे धावते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेत मिसळते. तिच्या मनाप्रमाणे झालं तर तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जाणार. पण ती ज्या पठारावरून वाहते त्याची पश्चिमेची कड तुटलेली आहे आणि खाली एकदम कोकण आहे. हा तुटलेला कडाच महाराष्ट्राचा खजिना. नदी अडवली, १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं, मागे शिवसागर तयार झाला, डोंगराच्या पोटातून बोगदे काढले आणि पाणी पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडलं. १९६२ पासून इथे वीज तयार होते आहे. पुढे टप्पे वाढत गेले, १९९९ मध्ये तळ्याच्या तळाशी खालून भगदाड पाडण्याचं ते धाडसी ‘लेक टॅपिंग’ झालं, आणि आज सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे. तळ्याखाली गेलेल्या गावांचा हिशेब या लेखातल्या कुठल्याच मापात बसत नाही. तो वेगळा आणि अजून न मिटलेला आहे.

पहिल्या दोन टप्प्यांत पाणी सुमारे ४७५ मीटर खाली येतं. कुठेच अडथळा नसता तर तळाशी त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात गेला असता. उंचीवर असल्याची स्थितिज ऊर्जा, तिची झाली वेगाची गतिज ऊर्जा, ती चाकाला दिली, चाकानं जनित्र फिरवलं, जनित्रातून वीज. शाळेच्या पुस्तकात बाणांची आकृती असते, तीच ही. आकृतीत बाण सगळे सारखे असतात. आकडे घातले की ते सारखे राहत नाहीत.

एक लिटर पाणी ४७५ मीटर खाली आलं की किती ऊर्जा मिळते? ४,६६० ज्यूल. बस. तीन पोती एक मजला चढवली की संपली.

मी संध्याकाळी विजेच्या किटलीत एक कप चहाचं पाणी ठेवतो. दीडशे मिलिलिटर, खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत. त्याला लागतात ४७ हजार ज्यूल. म्हणजे एका कपासाठी सह्याद्रीच्या माथ्यावरून दहा लिटर पाणी कोकणात उतरलं पाहिजे. चाकातली, तारांमधली, किटलीतली गळती धरली तर चौदा-पंधरा लिटर. कपामागे एक बादली. आंघोळीचं तर विचारूच नका. वीस लिटर पाणी वीस अंशांनी कोमट करायला काहीही गळती न धरता साडेतीनशे लिटर पाणी कड्यावरून खाली यावं लागतं. पाणी तापवायला पाणीच पाडायचं, आणि तेही अठरापट, हा सौदा कुठल्याही आजीला पटणार नाही.

हे आकडे पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा मला वाटलं शून्य चुकलं. चुकलं नव्हतं. आपल्या डोक्यात उंचीचा दबदबा फार आहे. अर्धा किलोमीटर खोल कडा बघून पोटात गोळा येतो, उकळत्या चहाच्या भांड्याकडे बघून येत नाही. निसर्गाच्या खतावणीत मात्र उंची ही चिल्लर आहे आणि उष्णता ही नोटांची थप्पी. एक लिटर पाण्याला फक्त एक अंश तापवायचं म्हणजे ४,१८६ ज्यूल, आणि तेच लिटरभर पाणी तेवढ्या ज्यूलमध्ये ४२७ मीटर वर उचलता येतं.

हा विनिमय दर ज्यानं काढला त्याचंच नाव मापाला दिलेलं आहे. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल, जन्म १८१८, मँचेस्टरजवळच्या साल्फर्डचा. घरचा धंदा बिअर गाळण्याचा. दारूच्या भट्टीत तापमान अंशाच्या बारीक हिश्श्यापर्यंत सांभाळावं लागतं, आणि हा माणूस फॅरनहाइटच्या अंशाचा दोनशेवा भाग वाचता येतो असा दावा करायचा. विद्वान मंडळींचा त्यावर विश्वास बसायचा नाही. त्याचा प्रयोग दिसायला अगदी साधा. दोरीला वजनं बांधायची, ती खाली उतरताना पाण्याच्या भांड्यातली वल्ही फिरवायची, पाणी घुसळलं जायचं आणि तापमानातला फरक मोजायचा. ताक घुसळताना आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चाललं होतं, फक्त रवीला कुणी तापमापक लावला नाही.

१८४५ मध्ये त्यानं लिहिलं की माझ्यावर विश्वास नसेल तर धबधब्याच्या माथ्यावरचं आणि पायथ्याचं पाणी मोजून बघा. पडलेलं पाणी खळखळून शांत झालं की उंची उष्णतेत मोडली गेलेली असते. नायगाराचं पाणी त्याच्या हिशेबानं फॅरनहाइटच्या अंशाचा पाचवा भाग तेवढं गरम व्हायला हवं. त्याचा पुढे मोठा झालेला मित्र विल्यम थॉमसन, म्हणजे लॉर्ड केल्विन, उतारवयात एक गोष्ट सांगायचा: १८४७ मध्ये शामोनीजवळच्या रस्त्यावर त्याला नवपरिणीत ज्यूल भेटला, हातात लांबलचक तापमापक, मागून गाडीतून नवी नवरी, आणि नवरदेव निघालेले धबधब्याचं पाणी मोजायला. गोष्टीत मीठमसाला किती यावर इतिहासकार अजून वाद घालतात. थडग्याबद्दल मात्र वाद नाही. सेल गावातल्या ज्यूलच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशानं तापवायला लागणारं काम, फूट-पौंडांत. थडग्यावर विनिमय दर कोरून घेतलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

तर म्हाताऱ्याचं उत्तर हे. कोयनेचं पाणी ४७५ मीटरचा कडा आपणहून कोसळलं असतं, तर पायथ्याशी ते १.१ अंश सेल्सियसनं गरम झालं असतं. पोफळीच्या चाकांनी त्यातला बहुतेक भाग काढून घेतला. अवजलात ‘अव’ आहे ते एवढंच, एक अंश आणि वर दशांशभर. उसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण म्हाताऱ्याची शंका तत्त्वानं रास्त होती. पाण्यातून खरोखरच काहीतरी काढून घेतलेलं आहे, आणि ते माझ्या किटलीत येऊन परत अंशच झालेलं आहे.

आता सगळा शिवसागर एकदम घेऊ. धरण काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी पाणी. पावसाळ्यात वर्तमानपत्रं रोज हा आकडा छापतात, पण टीएमसी म्हटलं की माणसाची कल्पना थांबते. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे कोटी लिटर. १०५ टीएमसी म्हणजे जवळजवळ तीन लाख कोटी लिटर, वजन तीनशे कोटी टनांना थोडंसंच कमी. पन्नास किलोमीटर लांब पसरलेलं तळं. हे सगळं पाणी ४७५ मीटर खाली सोडलं आणि एक थेंबही वाया गेला नाही असं धरलं, तर वीज होते सुमारे ३८५ कोटी युनिट.

तेवढीच ऊर्जा पेट्रोलमध्ये किती जागा घेईल? एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण साडेनऊ युनिट असतात. म्हणजे शिवसागराच्या बरोबरीला चाळीस कोटी लिटर पेट्रोल. चौकोनी टाकी बांधली तर लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ७४ मीटर. कोयनेच्या भिंतीपेक्षा बुटकी. तुमच्या स्कूटरमधलं एक लिटर पेट्रोल आणि पोफळीत उतरणारं सात हजार तीनशे लिटर पाणी यांची ऊर्जा सारखी आहे. टाकी फुल्ल करताना पंपावरच्या पोराला हे सांगायला हरकत नाही.

युरेनियम घेतलं, त्याचा तो दुर्मीळ २३५ वजनाचा भाऊ, आणि त्याचा प्रत्येक अणू फोडला, तर एका किलोतून सव्वादोन कोटी युनिटांहून अधिक ऊर्जा निघते. शिवसागराला पुरेल इतकं युरेनियम म्हणजे १७० किलो. धातू इतका जड की हे सगळं नऊ लिटरांत मावतं. अर्धी बादली. अर्थात ते एका बादलीत एकत्र ठेवायचं नाही. त्याच्या कितीतरी आधीच बादली, घर आणि गाव सगळं नाहीसं होईल.

आणि शेवटची पायरी. ऊर्जेला स्वतःचं वजन असतं, हे आइनस्टाइननं १९०५ मध्ये दाखवलं. एक ग्रॅम वस्तुमान म्हणजे अडीच कोटी युनिट. मग काठोकाठ भरलेल्या शिवसागरात उंचीमुळे साठलेली जी ३८५ कोटी युनिटं, त्यांचं वजन किती? १५४ ग्रॅम. दीड बटाटावडा. तीनशे कोटी टन पाणी, १०३ मीटरची भिंत, डोंगराच्या पोटातले बोगदे, सगळं चालतं ते दीड वड्याच्या वजनाएवढी ऊर्जा वरून खाली आणण्यासाठी.

इथे कुणी म्हणेल, मग उंचीवर कशाला एवढा जीव टाकायचा? पेट्रोल आहे, कोळसा आहे, अणू आहे. याचं उत्तर बाजारात मिळतं. नोट कितीही मोठी असली तरी सुट्टे देणारा हवा. कोळसा जाळून मिळालेली उष्णता विजेत बदलायला गेलं की साधारण एक तृतीयांशच हाती येते आणि उरलेली धुराड्यातून, थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून आकाशात जाते. ही कारागिरांची चूक नाही, उष्णतेचा स्वभावच तसा. तिच्यात कणांची सैरावैरा धावपळ असते आणि सैरावैरा धावणाऱ्यांना एका रांगेत आणण्याचं मोल मोजावंच लागतं. उंचावरचं पाणी आधीपासूनच रांगेत असतं. सगळे रेणू एकाच दिशेनं खाली येतात. म्हणून पोफळीत शंभरातले नव्वद हाती लागतात. एका युनिटाला चंद्रपूरच्या वीजघरात पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो, पोफळीत साडेआठशे लिटर पाणी. शिवाय कोळशाची भट्टी तापायला तास लागतात आणि कोयनेचा संच काही मिनिटांत भार घेतो. संध्याकाळी राज्यभर दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात तेव्हा कोयनेचं चाक फिरवतात ते यासाठी. चिल्लर खरी, पण खणखणीत. कुठल्याही दुकानात चालते.

पण हे पाणी वर नेऊन ठेवलं कुणी? सूर्यानं. त्याचं बिल बघितलं की आपण काय उधळपट्टीच्या जगात राहतो ते कळतं.

अरबी समुद्रातलं एक लिटर पाणी वाफ करून हवेत सोडायला सूर्याला २४ लाख ज्यूल मोजावे लागतात. त्याच लिटरमधून पोफळीत आपल्याला मिळतात ४,६६०. म्हणजे सूर्यानं पाचशे रुपये खर्च केले आणि आपण एक रुपया मिळवला, तोही पुरता नाही. मधले चारशे नव्व्याण्णव कुठे गेले? वाफ सह्याद्रीवर येऊन थंड झाली, ढग झाली, तेव्हा ते सगळे हवेत परत दिले गेले. शाळेत ‘अप्रकट उष्मा’ शिकवतात तो हाच. पाऊस पडतो तेव्हा वर हवा तापत असते, हे भिजताना आपल्या ध्यानातही येत नाही. उरलीसुरली उंचीही वाटेत सांडते. तीन किलोमीटर उंचीच्या ढगातून निघालेला थेंब हवा नसती तर ताशी पावणेनऊशे किलोमीटर वेगानं डोक्यात शिरला असता. हवा त्याला इतकं रोखते की जमिनीवर येईपर्यंत मोठ्यातला मोठा थेंबही सेकंदाला नऊ मीटरांच्या आसपासच असतो. छत्री ही वस्तू शक्य झाली ती हवेच्या या घर्षणामुळे.

कोयना धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. जुलैत नवजा आणि महाबळेश्वरला दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस ही बातमीसुद्धा होत नाही. तेवढा पाऊस सगळ्या पाणलोटावर पडला, तर तो घडवताना ढगांनी हवेत सोडलेली उष्णता सहा हजार कोटी युनिट भरते. काठोकाठ भरलेले सोळा शिवसागर रिकामे केले तर जेवढी वीज होईल, तेवढी. एका दिवसात, आणि तीही फक्त एका धरणाच्या माथ्यावर. केरळापासून गुजरातपर्यंत उभ्या घाटावर हा पाऊस चार महिने कोसळत असतो. त्या गुणाकाराच्या वाटेला मी गेलो नाही. उन्हाळ्याचा हिशेबही असाच. तळं भरलं की त्याचा पृष्ठभाग ११५ चौरस किलोमीटरच्या आसपास असतो, आणि निरभ्र दिवसात चौरस मीटरवर सहा युनिटं तरी ऊन पडतं. पाच-सहा दिवसांचं ऊन पुरतं आणि शिवसागराच्या सगळ्या विजेची बरोबरी होते. ते ऊन पाण्यावर चमकून जातं, त्याचं बिल कुणाला येत नाही.

सूर्याकडे एवढी श्रीमंती येते कुठून? तिथे दर सेकंदाला साठ कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि या खटाटोपात बेचाळीस लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. त्यातला दोनशे कोटींमध्ये एकापेक्षाही कमी वाटा पृथ्वीला मिळतो. तो वाटा वजनात मोजला तर साऱ्या पृथ्वीवर सेकंदाला पडणारं ऊन दोन किलोही भरत नाही. दिवसभराचं ऊन म्हणजे दहा टनांचे सतरा ट्रक. मॉन्सून, वारे, समुद्राचे प्रवाह, प्रत्येक गवताचं पातं, तुम्ही-आम्ही, हा सगळा संसार रोजच्या सतरा ट्रकांवर चाललेला आहे.

एवढं असून सूर्य वैयक्तिक पातळीवर आळशीच म्हणायचा. त्याची एकूण शक्ती त्याच्या वजनानं भागली तर किलोमागे एका वॅटचा पाच हजारावा हिस्सा येतो. साठ किलोचा माणूस नुसता बसून शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता टाकत असतो, म्हणजे किलोमागे दीड वॅटहून जास्त. किलोला किलो लावून पाहिलं तर ओट्यावर बसून पेपर वाचणारे आजोबा सूर्यापेक्षा आठ हजारपट तेजस्वी आहेत. सूर्याचा सगळा जोर आकारमानात आहे आणि चिकाटीत. आजोबांना दर काही तासांनी पोहे लागतात, त्याचं पाचशे कोटी वर्षं झाली तरी पहिलंच जेवण चाललं आहे.

आतापर्यंत मी ऊर्जा किती एवढंच बोललो, किती वेळात हे बोललो नाही. कोयनेच्या बाबतीत तो विषय टाळताच येत नाही.

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगर झोपेत होतं. जमिनीखालच्या खडकात ताणून साठलेली ऊर्जा सुटली. हीदेखील स्थितिज ऊर्जाच, वाकवलेल्या धनुष्यात असते त्या जातीची. भूकंपाची तीव्रता ६.३ धरली, तर लाटांच्या रूपानं बाहेर पडलेली ऊर्जा पाच कोटी युनिटांच्या आसपास येते. आजची कोयना पूर्ण क्षमतेनं एक दिवस-रात्र चालवली तर पावणेपाच कोटी युनिट वीज होते. म्हणजे दोन्ही आकडे जवळपास एक. शांतपणे चोवीस तासांत वाटली तर राज्याचे दिवे लागतात, गिरण्या चालतात, माझा चहा होतो. तीच काही सेकंदांत सुटली आणि दीडशेहून जास्त माणसं गेली, हजारो घरं कोसळली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, भिंत उभी राहिली. तळ्यातल्या पाण्याच्या भारानं आणि खडकात झिरपलेल्या पाण्यानं हा भूकंप ओढवला असं बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात, आणि म्हणून कोयना जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्या पहाटेची आठवण सांगणारी माणसं पाटण तालुक्यात अजून भेटतात. युनिटांचा हा हिशेब त्यांच्यासमोर मांडू नये.

पोफळीहून वीज माझ्या स्वयंपाकघरात येते तो प्रवास थोडक्यात उरकतो, कारण तो खरंच थोडक्यात उरकतो. दीड-दोनशे किलोमीटर अंतर, एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळ. गंमत एवढीच की तारेतले इलेक्ट्रॉन मात्र कुठेच जात नाहीत. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेणारी. किटलीच्या वायरमधला इलेक्ट्रॉन जागच्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका पुढे-मागे डोलत राहतो. पोफळीचा एकही इलेक्ट्रॉन माझ्या घरी आलेला नाही, येणारही नाही. दिंडीत टाळकरी दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे करतात आणि अभंग मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, तसं काहीसं. शिवाय जाळ्यात सगळ्यांचीच वीज मिसळलेली. माझा कप नेमका कोयनेचा की चंद्रपूरचा हे महावितरणही सांगू शकणार नाही. माझ्या सोयीसाठी मी तो कोयनेचा मानतो.

तर हा चहा. ओतला, दोन घोट घेतले, फोन आला, निवला. ४७ हजार ज्यूल खोलीच्या हवेत गेले. खोलीचं तापमान वाढलं का? वाढलं, जाणवणार नाही इतकं. भिंतींनी ते घेतलं, रात्री भिंतींनी आकाशाला दिलं. पृथ्वी दिवसभरात घेते तेवढी जवळजवळ सगळी ऊर्जा परत अवकाशात सोडते, सेकंदाला दोन किलो आत तर दोन किलो बाहेर. फरक नोटांचा. सूर्याकडून येणारा प्रकाशाचा एक कण मोठ्या दराचा असतो, तर पृथ्वीवरून निघणारे अवरक्त कण लहान दराचे, एकाच्या बदल्यात वीसेक. पाचशेची नोट देऊन पंचवीस-पंचवीस रुपये परत करावे तसं. रक्कम तीच. पण मोडताना मधल्या मधे ढग झाले, घाटात पाऊस झाला, चाक फिरलं, चहा झाला.

आणि पाणी? पोफळीतून निघालेलं अवजल कोळकेवाडीच्या धरणात अडवतात, अलोऱ्याला पुन्हा एकदा खाली पाडून उरलेल्या उंचीचीही वीज करतात. मग ते वाशिष्ठीत येतं, चिपळूणच्या पुलांखालून जातं, खाडीत खारं होतं आणि दाभोळला अरबी समुद्राला मिळतं. नदीच्या मनाप्रमाणे ते मछलीपट्टणच्या दिशेनं जायचं होतं, आपण ते जिथून आलं तिथेच परत पाठवलं. दाभोळच्या बंदरात उन्हं चढली की लिटरमागे २४ लाख ज्यूल मोजायला सूर्य पुन्हा बसलेला असतो.